टीव्ही चालू होत नाही? नवीन घेण्याआधी पॉवर सप्लाय तपासून घ्या

मे-जूनमध्ये दिल्ली, नोएडा, गाझियाबादमध्ये लाईट जाणं काही नवं नाही. तासाभराने लाईट येते, पंखा फिरू लागतो, फ्रिज घुरघुरतो, टीव्ही मात्र ढिम्म. पुढचा लाल दिवासुद्धा लागत नाही. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘‘जुनाच झाला होता, आता नवीन घेऊन टाकू.’’

जरा थांबा. जुना टीव्ही असा एकदम बंद पडतो, तेव्हा दोष बऱ्याचदा त्याच्या पॉवर सप्लायमध्ये असतो. स्क्रीन ठीक असते, आवाजाचं सर्किट ठीक असतं, फक्त वीज त्यांच्यापर्यंत पोहोचत नसते. आणि पॉवर सप्लायमध्ये खराब होणारे भाग टीव्हीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी असतात.

आत नेमकं काय चालतं?

आपल्या घरी २३० व्होल्ट एसी वीज येते. टीव्हीच्या सर्किटला लागते डीसी, तीही कुठे ५ व्होल्ट, कुठे १२, कुठे त्याहून जास्त. हा बदल करणाऱ्या भागाला मेकॅनिक एसएमपीएस म्हणतात. वीज आधी काचेच्या छोट्या फ्यूजमधून जाते, मग डायोडमधून डीसी होऊन एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात. पुढे एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून हवी तेवढीच पुढे जाते.

कमी व्होल्टेज हा भाग बराच सहन करतो. त्याला मारतो तो लाईट परत येतानाचा झटका, किंवा लाइनचा न्यूट्रल तुटून घरात अचानक वाढलेलं व्होल्टेज. अनेक सेटमध्ये फ्यूजच्या मागे नाण्याएवढी एक चकती असते. व्होल्टेज फार वाढलं की ती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवून पुढचं सर्किट वाचवते. म्हणून लाईट गेली की प्लगचं बटण बंद करावं आणि लाईट आल्यावर दोन-चार मिनिटांनी चालू करावं. फुकटातला याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

न उघडता काय कळतं?

बरंच काही. आधी त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्टॅबिलायझर असेल तर तो बाजूला ठेवून टीव्हीचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. हसू नका, अर्धा वेळ बिचाऱ्या टीव्हीचा दोषच नसतो! जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत पुढचं दाबायचं बटणही झिजून जातं.

लाल दिवा लागतो, पण टीव्ही चालू होत नाही? किंवा दिवा लुकलुकतो आणि आतून टिक-टिक आवाज येतो? म्हणजे फ्यूज शाबूत आहे. सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, पण पुढे कुठे तरी शॉर्ट असल्याने किंवा कपॅसिटर कमजोर झाल्याने स्वतःला बंद करून घेतोय.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी टीव्ही चार-पाच वेळा बटण दाबल्यावर चालू होतो आणि मग दिवसभर नीट चालतो, ही तक्रारही दिल्लीकडे ऐकू येते. यामागे बहुतेक कपॅसिटरच असतो. त्याच्या आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो आणि थंडीत असा कपॅसिटर आणखी ढेपाळतो. दोष कडाक्याच्या थंडीत दिसतो, पण तयार झालेला असतो उन्हाळ्यात.

आणि एक फसवी खूण. एलसीडी किंवा एलईडी टीव्हीत आवाज येतोय, पण स्क्रीन काळी आहे. इथे ‘‘पॅनेल गेलं, दुरुस्तीत अर्थ नाही’’ असं पटकन सांगितलं जातं. खोलीत अंधार करा आणि स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे. गेली आहे ती मागची बॅकलाइट किंवा तिला वीज देणारा भाग, आणि तो दुरुस्त होतो.

मागचं झाकण उघडू नका

ही सूचना केवळ रीत म्हणून देत नाहीये. प्लग काढल्यानंतरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. रंगीत पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर ट्यूबला २० हजार व्होल्टहून जास्त दाब दिलेला असतो आणि ट्यूब तो धरून ठेवते. घरात लहान मुलं असतील तर दुरुस्तीसाठी उघडलेला सेट तसाच ठेवून कोणालाही जाऊ देऊ नका.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावण्याचा जुगाडही नको. उडालेल्या फ्यूजची काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे मोठा शॉर्ट आहे. तिथे तार लावली तर पुढची पाळी बोर्डाची, कधी पडद्यांचीही.

मेकॅनिकला काय विचारायचं?

‘‘टीव्ही खराब झालाय’’ एवढंच फोनवर सांगू नका. लाल दिवा लागतो की नाही, टिक-टिक येते का, लाईट जाऊन आल्यावर बंद पडला का, हे सांगा. मग विचारा, ‘‘भाई साहब, पार्ट बदलेंगे या पूरा बोर्ड?’’ दोन्हींच्या खर्चात मोठा फरक असतो.

चांगला मेकॅनिक दुरुस्तीनंतर टीव्ही थेट प्लगला लावत नाही. तो मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. हा बल्ब ज्याच्या पिशवीत दिसेल, त्याच्यावर मी निम्मा विश्वास आधीच टाकते. कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचा मागा. तो उष्णतेत जास्त टिकतो. काढलेला भाग परत मागून घ्या, त्यात संकोच कसला?

बोर्डच हवा असेल आणि कंपनी म्हणत असेल की या मॉडेलचं सामान येत नाही, तर लाल किल्ल्यासमोरचं लाजपत राय मार्केट आहेच. देशातलं टीव्ही प्रसारण १९५९ साली दिल्लीतूनच सुरू झालं आणि १९८२च्या एशियाडच्या वर्षी रंगीत टीव्ही आला. जुन्या सेटचं सामान शोधायला मेकॅनिक आजही या बाजाराकडे वळतात. बोर्डावर छापलेला नंबर मोबाइलवर फोटो काढून न्या, मॉडेलच्या नावापेक्षा दुकानदाराला तोच उपयोगी पडतो. केंद्र सरकारने २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं आहे.

पिक्चर ट्यूबच कमजोर झाली असेल, चित्र धुरकट आणि रंग फिके असतील, तर मात्र सप्लायवर खर्च करू नका. असा सेट भंगारवाल्यालाही देऊ नका. तो फुटत-फुटत सीलमपूरसारख्या ठिकाणी पोहोचतो, जिथे लोक हाताने सुटे भाग वेगळे करतात, आणि ट्यूबच्या काचेत शिसं असतं. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला किंवा नवीन टीव्ही घेताना एक्स्चेंजमध्ये द्या आणि पावती घ्या.