आधारची सुरक्षा नेमकी कुठे असते?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) या आदिवासी वस्तीच्या गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पुढे घरोघरी टपालाने आले ते साधे छापील पत्र. त्यावरून एक समज पक्का बसला: कागदाचे आधार कच्चे, आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकवर छापून घेतलेले ‘स्मार्ट कार्ड’ पक्के.

नोटेच्या बाबतीत असा विचार योग्य ठरतो. नोट खरी की खोटी हे दुकानदाराला हातातल्या कागदावरूनच ठरवावे लागते. म्हणून नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या नोटेत जलचिन्ह, सुरक्षा धागा, सूक्ष्म अक्षरे असा सारा बंदोबस्त असतो. पाचशेची नोट तिरकी केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो.

आधारची खरी राखण मात्र क्यूआर कोडमध्ये आहे. साध्या स्कॅनरवर तो फक्त आकड्यांची लांबलचक माळ दाखवतो. आधार देणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या अॅपमधून वाचला, की नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र पडद्यावर येते आणि त्यामागची डिजिटल सही तपासली जाते. कोडमधल्या माहितीत एका अक्षराचा फेरफार झाला तरी सही जुळत नाही. कार्डावरचा फोटो बदलून कोड तसाच ठेवला, तर पडद्यावर मूळ माणसाचा चेहरा येतो. म्हणून कोड न तपासता नुसती झेरॉक्स घेऊन फाइलला लावणे ही पडताळणी नव्हे.

प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० पासून होलोग्राम आणि सूक्ष्म अक्षरे असलेले पीव्हीसी कार्ड सुरू केले. तरी पत्र, ई-आधार आणि हे कार्ड सारखेच ग्राह्य आहेत. बाजारात छापलेल्या कार्डात ही सुरक्षा नसते; ते वापरू नये, असे प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितले.

आधारच्या बारा अंकांत जात, जिल्हा किंवा जन्मवर्ष दडलेले असते, हाही गैरसमजच. अंक यादृच्छिक असतात. शेवटचा तेवढा आधीच्या अकरांवरून, डच गणिती व्हेरहॉफ यांच्या रीतीने काढलेला असतो. लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर संगणक चूक लगेच पकडतो.

आधार नागरिकत्वाचा पुरावाही नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम ९ तसे स्पष्ट सांगते. नोंदणीपूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही आधार मिळू शकते.