चाक उचलतं पायडल, सांभाळतो ब्रेक

‘सायकलचं पुढचं चाक उचलून चालवायला दंडात किती ताकद लागते?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. त्यांचा सातवीतला मुलगा रील पाहून जोर काढायला लागला आहे. जोर चालू राहू द्यावेत, तब्येतीला चांगलेच. पण अशी पुढचं चाक उचललेली ‘व्हीली’ मारण्याशी दंडांचा संबंध फार थोडा आहे.

कारण हँडल ओढणारा त्याच सायकलवर बसलेला असतो. त्याने कितीही जोर लावला तरी तो सायकल आणि स्वार यांच्यातल्या आपापसातल्या ओढाताणीत जिरतो. हँडल ओढण्याचा खरा उपयोग धड मागे नेण्यापुरता. चाक उचलणारं बळ यायला हवं रस्त्याकडून, मागच्या टायरमधून. म्हणजे शेवटी पायडलमधून.

जरा आकडेमोड करू. मुलगा आणि सायकल मिळून ७५ किलो. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंच आणि मागच्या चाकाच्या ४५ सेंटिमीटर पुढे आहे असं धरू. पुढचं चाक सुटायला रस्त्याने सायकलला पुढे ढकलायला हवं ते वजनाच्या ४५ भागिले ११० इतक्या बळाने, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन. आता पायडलवर ६० किलोचं अख्खं वजन टाका. साडेसतरा सेंटिमीटरचा क्रँक (पायडलचा दांडा), ३३ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक, आणि पुढच्या-मागच्या चकतीचे दात सारखे असतील तर टायरपाशी हाती लागतात जेमतेम ३०० न्यूटन. काठावर पास!

आजोबांच्या काळ्या सायकलची पुढची चकती मागच्या फ्रीव्हीलच्या साधारण अडीचपट दातांची. तिथे ह्याच लाथेचे १२० न्यूटनच उरतात. म्हणून ती सायकल नुसत्या पायडलने उठत नाही आणि गिअरच्या सायकलवर शेजारचा पोरगा सहज चाक उचलतो. त्यात पोराचा पराक्रम किती आणि गिअरचा किती, हे यावरून ठरवावं. धड मागे नेलं की ते ४५ सेंटिमीटर कमी होतात, हलक्या चढावरही तेच होतं. शिकणाऱ्याला सौम्य चढ सुचवतात तो यासाठी.

चाक उचलणं मात्र कामाचा सोपा अर्धा भाग. ते वर ठेवणं ही निराळी विद्या. डॅनियल कॅनरी नावाचा अमेरिकन कसरतपटू १८९० च्या सुमारास, दोन सारख्या चाकांची सायकल नुकती रुळत होती तेव्हाच, ती एका चाकावर चालवून दाखवत होता. आणि १९९९ साली कर्ट ऑसबर्नने कॅलिफोर्नियातल्या हॉलिवूडपासून फ्लोरिडातल्या ऑरलँडोपर्यंत सुमारे ४,५६९ किलोमीटरचा प्रवास पुढचं चाक हवेत ठेवून केला. एप्रिलच्या मध्यात निघाला, जूनच्या अखेरीस पोहोचला. इतके आठवडे कुणी दंडांच्या जोरावर सायकल धरून ठेवू शकत नाही. गुरुत्वमध्य नेमका मागच्या चाकाच्या वर आला की ओढायला काही उरतच नाही.

अडचण अशी की त्या नेमक्या जागी सायकल थांबत नाही. तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखी ती सतत एकीकडे पडत असते. आपल्या ११० सेंटिमीटरच्या हिशेबाने तोल पाव सेकंदाच्या आत दुप्पट बिघडतो. डोळ्याने पाहून हात हलवायलाच आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात. थोडक्यात, चूक दिसून आपण ती सुधारेपर्यंत ती जवळपास दुप्पट झालेली असते. (काठी जितकी लांब तितकी सावकाश पडते. पेन्सिल बोटावर उभी करून पाहा, म्हणजे सायकल किती दयाळू आहे ते कळेल.)

मग माणसाला हे जमतं कसं? हुआन लुईस काब्रेरा आणि जॉन मिल्टन या संशोधकांनी काठी तोलणाऱ्यांच्या हालचाली मोजून २००२ साली एक मजेशीर गोष्ट दाखवली. सुधारणेच्या ९८ टक्क्यांहून अधिक हालचाली प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळेपेक्षाही झटपट होत होत्या. म्हणजे हात दर वेळी चुकीची वाट पाहून उत्तर देत नव्हता; बारीक बारीक, काहीशा बेहिशेबी थरथरीतूनच काम भागत होतं. मला हा निष्कर्ष फार आवडतो. तोल म्हणजे स्थिरपणा, ही आपली समजूतच तो मोडीत काढतो.

सायकलवर ही थरथर चालते दोन ठिकाणी. पुढचं चाक खाली यायला लागलं की पायडल किंचित दाबायचं, सायकल अंगाखाली पुढे सरकते आणि चाक वर जातं. मागे कलंडायला लागलं की मागच्या ब्रेकवर एका बोटाचा नुसता स्पर्श. मागचं चाक हळू होतं, अंग पुढेच जात राहतं, पुढचं चाक खाली येतं. डावी-उजवीकडे गुडघा बाहेर काढून आणि हँडल जरासं वळवून सावरायचं, आणि रीलमध्ये सहसा न सांगितला जाणारा हाच भाग शिकणाऱ्याला जास्त छळतो.

अंगाखालचं चाक पुढेमागे करून तोल राखण्याची हीच युक्ती यंत्राला शिकवली ती टोकियोतल्या इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्स विद्यापीठातले काझुओ यामाफुजी यांनी. शेजारी शेजारी दोन चाकं असलेलं, स्वतःचा तोल सांभाळणारं त्यांचं यंत्र १९८६ सालचं. पंधरा वर्षांनी अमेरिकेत याच तत्त्वावरची, उभं राहून चालवायची सेगवे ही दुचाकी आली तेव्हा गाजावाजा असा झाला, की आता शहरं हिच्याभोवती नव्याने आखावी लागणार! शहरं होती तिथेच राहिली. २०२० मध्ये सेगवेचं उत्पादन बंद झालं. मॉल आणि विमानतळांवर गस्त घालणारे रक्षक तिच्यावर उभे दिसायचे, एवढाच तिचा दिग्विजय. यामाफुजींचं नाव मात्र सेगवेच्या कौतुकात क्वचितच कुणी घेतलं. ज्याने आधी केलं त्याचा पाट मांडायचा राहून गेला, असं विज्ञानात फार वेळा होतं.

तर त्या सातवीतल्या मुलाला सांगायचं ते एवढंच. दप्तर घरी ठेव. पाठीवरचं ओझं गुरुत्वमध्य मागे ओढतं आणि उताणं पाडतं. मागच्या ब्रेकची मूठ कोणत्या हाताला आहे ते आधी पाहा, सायकलीगणिक ती बदलते. पहिले काही दिवस तोल राखायच्या फंदात न पडता चाक उचल आणि ब्रेक लावून खाली आण, इतकंच कर. मागे पडायची भीती गेल्याशिवाय पुढचं जमत नाही, आणि ती भीती ब्रेकच घालवतो. जागा मैदानातली, गवताची, रस्ता नको. डोक्यावर हेल्मेट हवं. आणि वडिलांना विनंती : जोर-बैठकांचं कौतुक करण्याआधी मागच्या ब्रेकचे रबर झिजलेत का ते बघा. झिजले असतील तर आजच बदलून घ्या.