‘लघवीची गोळी’ सोडताच सूज का येते?

हिंगोली : वसमत, कळमनुरी परिसरात उन्हाळ्याच्या तोंडावर हळद काढणी आणि शिजवणीची लगबग सुरू होते. दिवसभर उन्हात उभे राहिल्याने संध्याकाळी पावले सुजतात. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात व पाणी पायांत उतरते. बहुतेकदा तो आजार नसतो. तरीही घरात कोणाला तरी दिलेली ‘लघवीची गोळी’ घेण्याचा मोह होतो. सूज उतरते, गोळी चालू राहते. खरी अडचण उभी राहते ती गोळी बंद करताना.

‘लॅसिक्स’ या नावाने परिचित असलेले फ्रुसेमाइड मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावते. मिठामागोमाग पाणी जाते. अंमल साधारण सहा तासांचा. शरीराला मात्र हा दुष्काळच वाटतो. रक्तातील पाणी घटताच मूत्रपिंडातून रेनिन स्रवते, त्यातून अल्डोस्टेरॉन वाढते आणि अंमल ओसरताच मिळेल तेवढे मीठ राखले जाते. गोळी महिनोन्महिने चालली, तर ही साठेबाजी अंगवळणी पडते. मग गोळी एकाएकी थांबवली, तरी संप्रेरकांचा जोर काही दिवस कायम राहतो. वजन दोन-तीन किलोंनी वाढू शकते, चेहरा व पाय सुजतात. आजार उलटला असे समजून रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो.

लंडनमधील डॉ. ग्रॅहम मॅकग्रेगर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हीच शंका मांडली होती. कारण न सापडणारी सूज अनेकदा या गोळीनेच टिकवून धरलेली असते, असे त्यांचे म्हणणे. गोळी थांबवल्यावर सूज आधी वाढली; पुढे काही आठवड्यांत बहुतेक रुग्णांची ओसरली.

म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात व मीठ तोडतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. ठेचा, पापड, लोणचे त्यातच धरायचे, हे ऐकून अनेक घरांत कपाळाला आठ्या पडतील. त्यानंतरही सूज हटली नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन आणि सांधेदुखीवरील डायक्लोफेनॅक यांनीही पाय सुजतात. अॅम्लोडिपिनच्या सुजेवर तर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोगही होत नाही.

हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या विकारात मात्र हीच गोळी आधार असते. हृदयरुग्णाने ती परस्पर सोडली, तर फुफ्फुसांत पाणी साचू शकते. अशा रुग्णाला आडवे होताच दम लागू लागला, तर सकाळ उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.