खाडीच्या चिखलात खानदेशची माती

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या मुलीनं किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा आणि हवामानबदल या विषयात संशोधन करायचं ठरवलं, तर घरातून पहिला प्रश्न येतो, "कुठे समुद्र आणि कुठे आपण?" प्रश्न काळजीपोटीच असतो. पण त्यामागचे समज तपासायला हवेत, कारण या विषयात खानदेशच्या माणसानं करण्यासारखं खूप आहे.

गैरसमज : समुद्राशी खानदेशचा काही संबंध नाही.

तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. तिचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्या आपापल्या शिवारातली माती घेऊन तापीला मिळतात. पांझरेला पूर आला की धुळ्याच्या पुलाखालून जे गढूळ पाणी जातं, त्याची वाट खंभातच्या आखाताकडेच असते.

ही माती ओळखताही येते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीमुळे. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते. बेसाल्टचा काळा खडक झिजून ती तयार होते. आखाताबाहेरच्या समुद्रतळावरच्या गाळातही ती मुबलक आढळते आणि तिचं मूळ नर्मदा-तापीच्या बेसाल्टी खोऱ्यांत असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. चोपड्याच्या कपाशीखालची माती आणि समुद्रातला तो गाळ एकाच घराण्यातले आहेत.

गैरसमज : समुद्राची पातळी वाढली की खारफुटी बुडणार, त्यात नदी काय करणार?

इथे नदी बरंच काही करते. भरतीचं पाणी खारफुटीच्या मुळांत शिरलं की मंदावतं आणि त्यातला गाळ खाली बसतो. मुळंही चिखलात वाढत राहतात. अशा रीतीनं जमीन हळूहळू उंच होते. २००६ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरनं वाढली. चिखल त्या वेगानं उंचावत राहिला तर खारफुटी टिकते. गेल्या दहा हजार वर्षांतल्या गाळाच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यानुसार पातळी वर्षाला सहा मिलिमीटरहून जास्त वेगानं वाढू लागली, तर तो वेग गाठणं खारफुटीला फार कठीण जाईल.

म्हणून गाळाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. तापीवरचं उकाई धरण १९७२ मध्ये झालं, हतनूर त्यानंतर. हतनूरमध्ये गाळ साठल्याची तक्रार जळगावकरांना नवी नाही, पण किनाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर तोच गाळ तिथे पोचायचा राहिलेला आहे. जाड रेती धरणात आधी अडते, बारीक मातीचा काही भाग पुराबरोबर पुढे जातो. खाडीत नळी खोल रोवून गाळाचा उभा नमुना काढला, की शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकावरून गेल्या शंभरेक वर्षांतल्या थरांचं वय काढता येतं. सीझियमची खूणही उपयोगी पडते. अणुचाचण्यांमुळे सीझियमचं प्रमाण १९६३ च्या सुमाराच्या थरात सर्वाधिक असतं. उकाईच्या आधी थर किती जाड बसत होता आणि नंतर किती, हे विचारण्याची सोय त्या नळीत असते. मला हा या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो आणि तो विचारायला तापीच्या वरच्या अंगाची माहिती असलेला माणूस लागतो.

गैरसमज : झाडं लावली की काम झालं.

ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा मोकळा पट्टा ओसाड दिसतो, पण तिथल्या किडे-शिंपल्यांवर हिवाळी पाहुणे पक्षी जगतात. तिथे रोपं लावली तर त्यांची जागा जाते, आणि पाण्याखाली फार वेळ राहिल्यानं रोपंही बरीच मरतात. अडवलेली भरती मोकळी केली, तर अनेक ठिकाणी बिया वाहत येऊन आपोआप रुजतात. आधी पाण्याची वाट, मग झाड, हा क्रम उलटा करू नये.

साठलेल्या कार्बनचा हिशेबही नुसती झाडं मोजून लागत नाही. खारफुटीचा बहुतेक कार्बन खोडात नसतो, चिखलात असतो. तिथे प्राणवायू जवळजवळ नसल्यानं पालापाचोळा फार सावकाश कुजतो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेनही कमी तयार होतो. गोड्या पाण्याच्या पाणथळीतून तो जास्त निघतो, म्हणून धुळ्याचा नकाणे तलाव आणि डुमसची खाडी यांना एकच आकडा लावता येत नाही.

गैरसमज : पाणथळ म्हणजे पाणथळ, कायदा सगळीकडे एकच.

पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत धरणांचे जलाशयही येतात. भारताच्या २०१७ च्या नियमांतून मात्र सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत; किनारी क्षेत्राचे नियम वेगळे. पक्ष्यांसाठी महत्त्वाचं मानलं गेलेलं हतनूर या फटीत सापडतं.

गैरसमज : हे काम म्हणजे होडीतून फिरणं आणि पक्षी मोजणं.

क्षेत्रकामाचे दिवस थोडे असतात आणि तेही भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, वेळ चुकली की जिवावर बेततं. बाकीचं काम प्रयोगशाळेत होतं. गाळ वाळवायचा, वजन करायचं, भट्टीत साडेपाचशे अंशांवर जाळायचा आणि पुन्हा वजन करायचं. जे घटलं ते सेंद्रिय द्रव्य. मग उपग्रहचित्रं आणि संख्याशास्त्र. त्यामुळे रसायन, भूगर्भशास्त्र, भूगोल, गणित, कुठूनही इथे येता येतं. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञानाचं शिक्षण मिळतं. पुढे गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, चेन्नईचं शाश्वत किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७ हजार रुपये आहे. आणि गाळाचा नमुना घेणं, जाळणं, तोलणं हे हात बसवण्याचं काम हतनूरच्या काठावरच्या गाळावरही सुरू करता येतं.