पणजीचं माहेरचं नाव काय हो?

मैत्रिणींनो, सासरच्या पणजोबांचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. पण पणजीचं? आणि तिचं माहेरचं नाव? बहुतेक जणी इथंच अडतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव-आडनाव सांगितलं की कितीतरी पिढ्यांची नावं निघतात. अनेक घराण्यांनी तर कुलवृत्तांत छापले. पण वंशवृक्षाच्या फांद्या पुरुषांच्याच. लेक सासरी गेली की तिची फांदी तिथंच संपली!

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १८५० पूर्वीच्या तिथल्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं असे, बायका-मुलांचे नुसते आकडे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पूर्वजाचा माग काढणारे त्याच्या आईच्या माहेरापाशी हमखास अडखळतात.

हा नुसता हौसेचा विषय नाही बरं का. आमच्या सोलापुरात विडी वळणारी एक बाई जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होती. बाईची जात ठरते वडिलांकडच्या कागदांवरून आणि इतर मागासवर्गासाठी पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. त्यात लग्नात नावही बदललेलं! दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायचं कसं? शेवटी तिच्या चुलत आत्याला वडिलांची शाळा आठवली. जुन्या रजिस्टरचा उतारा मिळाला, लग्नाची नोंद जोडली, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली.

जमिनीचंही तेच. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण वारस नोंदीच्या वंशावळीत तिचं नाव गाळलं, तर तो हक्क मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

म्हणून एक शंभर पानी वही आणा. घरातल्या सगळ्यात थोरल्या आजीजवळ बसा. प्रत्येक बाईची दोन्ही नावं, माहेरचं गाव, वडिलांचं नाव, शाळा, लग्नाचं साल लिहून काढा. मग शाळेचं रजिस्टर, जुने फेरफार, तहसील कचेरीतलं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक पाहा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. नातवंडांची सोय सरकारनं केली. आजी-पणजींची नावं मात्र आपणच लिहायची आहेत, आणि ती सांगणारी माणसं आता थकत चालली आहेत.