शेपटाचें पाणी आणि तारेचा वेग

चौसाळ्याकडील शेतांत वस्ती करून राहणाऱ्या बांधवांचा पीकविम्याचा अर्ज, तसेंच 2021 पासून ई-पीक पाहणी, हीं कामें इंटरनेटवरूनच होतात. परंतु जेथें अद्याप दूरध्वनीची तांब्याची तार आहे, तेथें वेग फारच मंद मिळतो. याचें कारण अंतर होय. कच्च्या पाटाचें पाणी शेपटास जाईपर्यंत झिरपून आटतें, तशीच ही गोष्ट आहे. सेकंदास 10 लक्ष कंपनें असलेल्या संकेताचा तांब्यांत एका किलोमीटरानंतर सुमारें शंभरावा भागच उरतो.

प्रथम घरांतील गळती बंद करावी. गंजलेले सांधे कापून नवे करावे, निरुपयोगी फांटे काढावे व तार घरांत शिरते तेथेंच मोडेम बसवावा. अंतराची गळती मात्र यानें थांबत नाहीं. तिला उपाय कांचतंतूचा; त्यांत किलोमीटरमागें प्रकाशाची घट शेंकडा 5 ते 8 इतकीच होते. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारनें 2011 सालीं मंजूर केली. तीच आज भारतनेट म्हणून ओळखली जाते. पंचायतीपासून वस्तीपर्यंतचा फांटा मात्र आपणच मागावयाचा आहे. तो एकट्यानें न मागतां शेजारच्या वस्त्यांनीं मिळून मागावा, असें आम्हांस वाटतें. विम्याची मुदत मंद तारेसाठीं थांबत नसते.