डासांसाठी घराची तपासणी : वेळ किती लागतो आणि का?

पावसाळा लागला की नागापूर, बोल्हेगाव आणि एमआयडीसी परिसरात आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरू लागतात. पाण्याची भांडी दाखवा म्हणतात, बॅटरी मारून आत डोकावतात, वहीत नोंद करतात आणि पुढे जातात. मग दवाखान्यात येणारी मंडळी विचारतात, "डॉक्टर, शेजारी पाच मिनिटांत काम झाले, आमच्याकडे मात्र अर्धा तास. असे का?" काहींना हा संशय वाटतो, तर काही जण दारातूनच "आमच्याकडे डास नाहीत" म्हणून परत पाठवतात. म्हणून आज या तपासणीविषयी.

शोध कशाचा?

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो. याला गटार नको, साठवलेले स्वच्छ पाणी हवे. मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी घालते. अंडी, अळी, कोष आणि डास हा प्रवास आपल्याकडच्या हवेत साधारण सात ते दहा दिवसांत पुरा होतो. हा डास फार लांब उडत नाही. बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तुम्हाला चावणारा डास तुमच्या किंवा शेजाऱ्याच्याच टिपाडात जन्मलेला असतो. 2006 साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. तेव्हा सांधे धरून बसलेली माणसे घराघरांत होती, हे अनेकांना आठवत असेल.

वेळ कमी-जास्त का?

पहिले कारण भांड्यांची संख्या. वेळ खोल्यांवर नाही, पाण्यावर ठरतो. दोन खोल्यांच्या घरात एक माठ, दोन हंडे व एक बादली असेल तर पाच-सात मिनिटे पुरतात. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्तीत तेवढ्याच घरात चार टिपाडे, एक हौद आणि मोरीतला रांजण असतो. तेथे पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. बंगला असेल तर गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी हे सारे पाहावे लागते. अर्धा तास लागतो तो येथे.

दुसरे कारण अळीचा स्वभाव. अळी श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकते. झाकण उघडले, सावली पडली किंवा पाणी हलले की ती झटकन तळाशी जाते. वरवर नजर टाकणाऱ्याला पाणी स्वच्छच दिसते. ती वर येईपर्यंत बॅटरी धरून थांबावे लागते. काळ्या किंवा निळ्या टिपाडात तळ दिसत नाही, तेथे आणखी वेळ जातो. जो कर्मचारी थांबून पाहतो, तो काम नीट करतो असे समजावे.

तिसरे कारण, अळी सापडली तर पुढचे काम. भांडे लहान असेल तर पाणी ओतून देतात. हौद रिकामा करणे शक्य नसेल तर वापरायच्या पाण्यात अळीनाशक टाकतात. त्यासाठी पाणी किती लिटर आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, कारण औषध मापातच पडले पाहिजे. मोठ्या टाकीत किंवा विहिरीत गप्पी मासे सोडतात. शिवाय घरात कोणाला ताप आहे का, हेही विचारतात.

चौथे कारण आपल्या भागाचे आहे. कारखान्यांत पाळीने काम करणारे अनेक जण खोल्या करून राहतात. एकाच चाळीत काही दारांना कुलूप, काही जण रात्रपाळी करून झोपलेले. वर्कशॉपांच्या मागे भंगार व जुने टायर. टायरच्या पोटातले पाणी दिसत नाही, ओतताही येत नाही. एवढी एक जागा दोन-तीन घरांचा वेळ खाते.

कुलूपबंद घराचा हिशेब

शंभर घरे पाहिली आणि बारा घरांत अळ्या सापडल्या, तर त्या वस्तीचा हाऊस इंडेक्स 12 धरतात. हा आकडा पाहून उपाय ठरतात. पण तीस घरे बंद राहिली तर हिशेब सत्तर घरांचाच होतो, आणि उरलेल्या तीसांत काय वाढते आहे ते कोणालाच कळत नाही. सत्तर घरांनी घेतलेली मेहनत एका न तपासलेल्या हौदामुळे वाया जाऊ शकते.

लोक धुराची फवारणी मागतात. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत. आठवड्याने नवे डास हजर! धूर हवाच, आणि तपासणी नको, हे म्हणणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

आपण काय करावे?

1. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडी नुसती ओतू नका, आतून घासा. चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पाणी लागताच फुटतात.

2. टिपाडावर घट्ट झाकण किंवा कापड बांधा. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी लावा.

3. दिवसभर घर बंद असेल तर किल्ली किंवा निरोप शेजारी ठेवा. गच्चीचा दरवाजा व शिडी मोकळी ठेवा.

4. कर्मचाऱ्याकडे ओळखपत्र मागण्यास हरकत नाही. पण ते पाहिल्यावर सर्व भांडी दाखवा, अडगळीतलीसुद्धा.

5. ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी असल्यास मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना दाखवा. ताप उतरताना पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

ही तपासणी तुम्ही स्वतःही करू शकता. रविवारी सकाळी बॅटरी घ्या, मुलांना बरोबर घ्या आणि घरातले प्रत्येक पाणी पाहा. पहिल्या खेपेस अर्धा तास लागेल. भांडी झाकली आणि भंगार हलवले की पुढच्या रविवारी दहा मिनिटे पुरतील.